डोंगराकडच्या खिडक्या

चंदनसार, विरार पूर्व
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

काल फोन लावला तर तू नेहमीसारखं ‘हो हो, बरं बरं’ म्हणून ठेवून दिलास. तुला काही ऐकू आलं नव्हतं हे मला कळलं, म्हणून लिहिते. शाळेत जायच्या आधी गावी, गासला, ओट्यावर तूच मला पाटीवर अक्षरं शिकवलीस. तेव्हा चुका दिसल्या तर खुणा करून परत पाठव, मला राग नाही.

सोमवारी दुपारी आमच्या मागच्या डोंगराला वणवा लागला. दरवर्षी लागतो, पण वरच्या अंगाला लागतो आणि तिथेच विझतो. यंदा तो खालून लागला. आमच्या घरांच्या रांगेमागे बिल्डरची भिंत संपते, तिथून वाळलेलं गवत सुरू होतं. आग तिथूनच वर गेली. मी दवाखान्यात कामावर होते. आमच्या दंतवैद्य बाईंकडे गर्दी होती म्हणून लवकर निघता आलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मी विचारलंच नाही. शेजारच्या मनोरमाकाकूंचा फोन आला तेव्हा आग वर सरकली होती, आणि मला वाटलं आता काय विचारायचं.

पप्पांच्या खोलीची खिडकी तडकली. बिल्डरने लावलेली पांढरी प्लॅस्टिकची चौकट वाकून बाहेर आलीय. डासांची जाळी वितळून तिचे थेंब त्यांच्या चादरीवर पडले, जिथे पडले तिथे भोकं आहेत. ते त्या वेळी पलंगावर असते तर? हा विचार डोक्यातून जात नाही. ते पलंगावर नव्हते. मागच्या दाराबाहेर नळापाशी उभे होते. सगळी रांग ओरडत होती आणि ते अगदी शांत होते, आत्या. त्यांचं विसरणं हल्ली फार वाढलंय, आग म्हणजे काय हेही विसरले की काय कोण जाणे. उजव्या हाताचा अंगठा काळा झाला होता. काजळी लागली असेल. मी साबणाने धुतला.

विघ्नेश म्हणून एक खिडक्यांची कामं करणारा आहे, तो येऊन मापं घेऊन गेला. डोंगराकडच्या तिन्ही खिडक्या बदलाव्या लागतील म्हणाला. अॅल्युमिनियमची चौकट, टफन म्हणजे सहसा न फुटणारी काच, स्टीलची जाळी, बाहेरून ग्रिल. एक लाख साठ हजार. मी विचारलं, नुसती काच बदलली तर? तो म्हणाला, “मॅडम, काच बदला नाहीतर पडदा बदला. चौकट प्लॅस्टिकची आहे तोवर घराला मेणबत्त्याच लावल्यात समजा.”

एवढे पैसे एकाच ठिकाणी आहेत. मम्मीने जाण्याआधी माझ्या नावावर ठेव ठेवली होती, ‘हे तुझ्या लग्नाचे’ म्हणून. गेलेल्या माणसाने एका कामासाठी ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाला वापरले तर तो विश्वासघात होतो का? चर्चमध्ये पापकबुलीच्या वेळी फादरांना विचारणार होते, पण मागे माणसं ताटकळत होती आणि प्रश्न पापाचा आहे की खिडकीचा हेच मला नीट सांगता येईना.

रात्री झोप लागत नाही. गवत अजून अर्धं शिल्लक आहे. तू सांगशील तसं करीन.

तुझी
स्टेफी


गास
१८ फेब्रुवारी

चि. स्टेफी,

खुणा करण्यासारखं काही नव्हतं. दोन ठिकाणी स्वल्पविराम जास्त आहेत, ते घाबरलेल्या माणसाचे असतातच.

ज्युलीला मी तुझ्या आधीपासून ओळखत होते. तिने पैसे लग्नाचे म्हणून ठेवले, कारण आपला नवरा निवृत्तीचे पैसे घालून डोंगराच्या जबड्यात घर घेईल असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती असती तर तिने स्वतः विघ्नेशला चहा दिला असता. पैसे वापर. नवरा यायचा तेव्हा येईल, तो काही खिडक्या मोजून परत जाणार नाही. आणि गेलाच तर बरं झालं म्हण.

ग्रिल भक्कम घाल. इकडे गेल्या महिन्यात दोन घरांत चोर शिरले, दोन्हीकडे खिडकीतूनच. बर्नार्डचा पलंग पुढच्या खोलीत आण. त्या खिडकीशी त्याला एवढं काय आहे?

आता एक विचारते, आणि फाटे फोडू नकोस. तू सकाळी जातेस ती संध्याकाळी येतेस. तोवर माझा भाऊ कोणाच्या नजरेखाली असतो? तू सगळं लिहिलंस, दवाखान्यातली गर्दीसुद्धा लिहिलीस, एवढं मात्र वगळलंस. लहानपणी पाढ्यातला न येणारा आकडा तू असाच खोकून पुढे न्यायचीस.

इकडे या म्हणून मी किती वर्षं सांगतेय ते पुन्हा लिहीत नाही.

उर्सुला आत्या


चंदनसार
२२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं पत्र निर्धास्त लिहिता येईल. मी बाहेरून कुलूप लावते.

रागावू नकोस. दिवाळीनंतर ते दोनदा रस्त्यापर्यंत गेले होते, एकदा हायवेच्या कडेला सापडले. दुसरी किल्ली मनोरमाकाकूंकडे असते, त्या दुपारी जेवण देतात आणि बसतात थोडा वेळ. दिवसभराची बाई ठेवायची तर माझा सगळा पगार तिला द्यावा लागेल. पण हे सगळं मी आधी सांगायला हवं होतं.

गुरुवारी पुन्हा वणवा लागला. पुन्हा दुपारीच, पुन्हा आमच्याच मागून. वाऱ्याने वाचवलं, धग पलीकडे वळली. पण मागच्या पाड्यावरच्या लखमीबाईंचा गाईसाठी रचून ठेवलेला सगळा पेंढा गेला. वनखात्याचा माणूस येऊन विचारून गेला, कोणी बिडी टाकली का, कोणी पार्टीला बसलं होतं का. आत्मारामकाका, म्हणजे मनोरमाकाकूंचे यजमान, त्याला म्हणाले, “साहेब, इथे पार्टी करायला उरलाय कोण? सगळे गुडघेवाले.”

आणि पप्पा पुन्हा बाहेर होते. मागच्या दाराची कडी ते आतून काढतात हे मला आता कळलं. आग लागली की ते घाबरून बाहेर पडतात आणि आगीकडेच चालत जातात. म्हणून मी सगळ्याचा एकदमच विचार केला. मागच्या दाराला पत्रा ठोकून ते बंदच करायचं. खिडक्यांना सरकणारी काच न घेता फिक्स काच घ्यायची. विघ्नेश म्हणतो, फिक्समध्ये फट राहत नाही, ठिणगी आत यायला जागाच नाही, आणि पैसेही बरेच वाचतात. ग्रिलला एरवी एक छोटं दार ठेवतात, तेही नको असं मी सांगितलं, सरळ वेल्डिंग. म्हणजे आग आत येणार नाही, चोर येणार नाही आणि पप्पा बाहेर जाणार नाहीत. वाचलेले पैसे मम्मीच्या ठेवीत तसेच राहतील. मला वाटतं मी पहिल्यांदा काहीतरी नीट ठरवलंय.

पलंग हलवायचं नाव काढलं तर ते चिडतात. त्या खिडकीतून एक पांगारा दिसतो, पान एक नाही, नुसता लाल. सकाळी उठले की आधी त्याच्याकडे बघतात आणि मला विचारतात, “झाली का तयारी?” मी म्हणते झाली. कसली ते मलाही माहीत नाही.

एक गोड गोष्ट सांगते. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मनोरमाकाकूंच्या कपाळाला राख लावली. काकू देवगडच्या, हसत हसत आल्या. “गो स्टेफी, तुझ्या पप्पान माका अंगारो लावल्यान! आता ह्या वयात माका कोणाची बाधा होतली?” मला मात्र रडू आलं. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लावतात, तो दिवस जवळ आलाय हे त्यांच्या आत कुठेतरी शिल्लक आहे. आणि राखेला काय तोटा, सगळ्यांच्या ओट्यावर डोंगर पडलाय.

एका गोष्टीची टोचणी आहे. घरातल्या अल्तारावरचे, गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी मिळालेले झावळीच्या पात्यांचे क्रूस सापडत नाहीत. सफाईवाल्या बाईने कचऱ्यात टाकले असतील तर? आशीर्वाद दिलेली वस्तू कचऱ्यात गेली तर दोष तिचा की माझा?

विघ्नेश बुधवारी काम सुरू करतो.

तुझी
स्टेफी


गास
२५ फेब्रुवारी, मंगळवार
(ऑस्करच्या हाती, त्याच्या रिक्षाने)

स्टेफी,

उभ्या उभ्या वाच, मग बस.

क्रूस बाईने टाकलेले नाहीत. ते बर्नार्डने जाळलेत.

राखेच्या बुधवारची राख गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून करतात हे तुला माहीत आहे. आपल्या गावात ती कोण करायचं हे तुला माहीत नाही, कारण तू पाळण्यात असताना बर्नार्डने कंपनीच्या पाळ्यांमुळे ते काम सोडलं. आधी आमचे वडील करायचे, त्यांच्यामागे तो. आमच्या घरात त्यासाठी कॅलेंडर बघत नसत. कुंपणावरचा पांगारा लाल झाला की वडील त्याला म्हणायचे, “बर्नार्ड, तयारी कर.” मग तो घरोघर जाऊन झावळ्या गोळा करायचा, वाडीमागच्या मोकळ्या जागेत जाळायचा, राख वस्त्रगाळ करायचा. नीट बसते का बघायला पहिल्यांदा घरातल्याच कोणाच्या तरी कपाळावर अंगठ्याने लावून बघायचा. माझ्या कपाळावर कितीदा लावलीय.

वणवा डोंगरावरून तुमच्याकडे येत नाहीये, पोरी. तो तुमच्या मागच्या दारातून डोंगराकडे जातोय.

त्या विघ्नेशला थांबव. घरातल्या काडेपेट्या, मेणबत्त्या, लायटर, सगळं शेजारी नेऊन ठेव. त्याला कोंडू नकोस. पांगारा फुललेला दिसतोय तोवर तो राख करणार. बाहेर जागा मिळाली नाही तर आत करील. आणि तू त्याला अशा खोलीत ठेवायला निघालीस जिथून धूरसुद्धा बाहेर पडणार नाही.

हे मी ऑस्करच्या तोंडी पाठवत नाही, त्याच्याकडून फोनही करवत नाही. त्याच्या रिक्षात बसलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्याचा जिवलग असतं. जंगलाला आग लावणं हा गुन्हा आहे. वाचलंस की फाडून टाक. वनखात्याचं कोणी आलं तर तुला काही ठाऊक नाही. तुझी जीभ खरं बोलायला फार वळवळते, तिला आवर.

आजच कर.

आत्या


चंदनसार
२८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही म्हणून काळजी वाटली, पण ठेवीचं तू आधीच सांगितलं होतंस, म्हणून थांबले नाही.

खिडक्या बसल्या! काल संध्याकाळी काम संपलं. काय सांगू तुला, आत आवाजच येत नाही. पाड्यावरची कुत्री भुंकताना दिसतात आणि ऐकू येत नाहीत. विघ्नेशने माझ्यासमोर काचेवर हातोडीचा दांडा जोरात मारून दाखवला, ओरखडासुद्धा नाही. म्हणाला, “मॅडम, आता डोंगर पेटू दे, तुम्ही आत बसून टीव्ही बघा.” मागच्या दारावर पत्राही ठोकून झालाय. रात्री मी सलग झोपले, कितीतरी दिवसांनी.

पप्पांना नवी काच आवडली असावी. तिच्यापुढे पलंगावर बसतात, डोंगराकडे बघत. त्रास काही नाही. घरात मात्र काहीबाही गमतीचं करतात. खराट्याचे हीर एकेक काढून त्यांनी जुडी बांधून ठेवलीय, खराट्याला टक्कल पडलंय. पितळेची थाळी स्वयंपाकघरातून नेली ती परत देत नाहीत. उशीखाली एक पाकीट ठेवलंय, त्याची कड दिसते. मी विचारलं काय आहे, तर म्हणाले, “मला दिलंय.” बँकेचं जुनं असेल. ओढून बघता आलं असतं, पण दुसऱ्याचं पत्र त्याने दिल्याशिवाय हातात घेऊ नये हे तूच शिकवलंस. माणूस विसरायला लागला म्हणून त्याचं पत्र काही आपलं होत नाही ना?

रविवारी मिस्सेनंतर जुन्या झावळ्या आणून द्या म्हणून सूचना होती. मी रिकाम्या हाताने गेले. तेवढं एक सोडलं तर आता मनावर ओझं नाही.

तू बरी आहेस ना? दोन ओळी तरी टाक.

तुझी
स्टेफी


४ मार्च

स्टेफी,

तुझं पत्र आत्ता आलं. ऑस्कर आता कबूल करतोय. दाराला कुलूप बघून त्याने माझं पाकीट खिडकीतून बर्नार्डच्या हातात दिलं होतं, ‘स्टेफीला द्या’ म्हणून. उशीखाली माझं पत्र आहे.

जशी असशील तशी घरी जा. काडेपेटी काढून घे. दार उघड.

आत्या


विरार, हॉस्पिटलमधून
८ मार्च

प्रिय आत्या,

ऑस्करने तुला ‘सगळं ठीक’ एवढंच सांगितलं असणार. तू धावपळ करत इथवर येऊ नयेस म्हणून मीच त्याला तसं सांगितलं. पण तुला नीट कळायला हवं.

तुझी चिठ्ठी मला मागाहून मिळाली. आधी त्याचा फोन आला. म्हणाला, “आत्या रडतेय आणि मला छत्रीने मारतेय. तू काही विचारू नको, घरी जा. अंकलकडे माचिस आहे.” मी बाईंना न सांगता निघाले. रिक्षात सगळा वेळ डोंगराकडे बघत होते. धूर कुठे दिसेना. मला वाटलं, देवा, वेळेवर पोचले.

पुढून घर नेहमीसारखं होतं. मनोरमाकाकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. “गो, आज इतक्या लवकर?” त्यांना वाससुद्धा आला नव्हता. कसा येईल? एक फट राहू नये म्हणून मीच पैसे मोजले होते.

किल्ली कुलपात जाईना. काकूंनी माझ्या हातातून घेतली आणि उघडलं. पुढच्या खोलीत पाऊल टाकलं तर घसा धरला. मागच्या खोलीचं दार मी ढकललं, ते चार बोटं सरकलं आणि अडकलं. जमिनीवर मोकळी जागा व्हावी म्हणून त्यांनी पलंग ओढून दाराला लावला होता. त्या फटीतून काळा धूर माझ्या तोंडावर आला. खाली त्यांचा पाय दिसत होता, चप्पल घातलेला. मी हाका मारत होते. ते खोकत नव्हते, आत्या. तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं.

आत्मारामकाका वरवंटा घेऊन मागे धावले. ग्रिलच्या गजांतून मारत राहिले. काच फुटेना. मला तो आवाज ऐकू येत होता, ठक, ठक, कोणीतरी दार वाजवल्यासारखा. ग्रिल हलेना, उघडायला त्याला दारच नव्हतं. मागचं दार पत्र्याखाली. मी एकेक वाट पैसे देऊन बुजवली होती, आणि त्या एकाच दारावर मी खांदा मारत होते.

पाड्यावरच्या लोकांनी काचेतून ज्वाळ पाहिली. त्यांच्या बाजूनेच तर ती दिसत होती. लखमीबाई आणि त्यांचा दीर पहार घेऊन पुढच्या दाराने आत आले. त्या मला म्हणाल्या, “बाय, सर बाजूला. रडतेस काय, पानी आन.” दिराने बिजागऱ्यांत पहार घालून दार चौकटीतून काढलं. पलंगाची गादी धुमसत होती. पप्पा भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर थाळी, थाळीत हिरांची राख, आणि तुझ्या पाकिटाचा एक कोपरा. काडेपेटी माझ्याच अल्तारावरची होती. त्यांना उचललं तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाले, “थांबा. गाळायची राहिलीय.”

तीन दिवस नळीने ऑक्सिजन दिला. डॉक्टर म्हणाले, छातीत धूर गेलाय, काही सांगता येत नाही. काल नळी काढली. आज पेज प्यायले आणि नर्सला विचारलं, माझी मुलगी जेवली का. बुधवारी घरी सोडतील म्हणतात. ते जगलेत, हे मी रोज स्वतःला सांगते, आणि तरी लिफ्टचं दार बंद होताना बघून मी जिन्याने जाते.

तू सांगितलेलं एक मी मोडलं. तुझं ते पत्र जळलं, पण त्यातलं सगळं तू पुन्हा लिहून ऑस्करच्या हाती पाठवलंस, आणि ते वाचूनही मी मोडलं. वनखात्याचा माणूस आला होता, त्याला मी सांगितलं की दोन्ही वेळा माझ्या वडिलांनीच लावली. तो म्हणाला, “मॅडम, दरवर्षी आम्ही ‘अज्ञात इसम’ लिहितो. तुम्ही कशाला नाव देता?” पण लिहून घेतलं. वरच्या साहेबांकडे जावं लागेल, डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन. काय होईल ते त्यालाही माहीत नव्हतं. मला भीती वाटते. खोटं बोलले असते तर वाटली असती त्यापेक्षा कमी की जास्त, ते अजून ठरत नाही.

लखमीबाईंकडेही गेले. आधी आभार मानले आणि मग पेंढ्याचं सांगितलं. त्यांनी हातातलं काम ठेवलं. “म्हंजे तुमच्याच घरातून? आनि आमी तुमच्याच म्हाताऱ्याला काढाला आलो?” मग म्हणाल्या, “आता गाय तुमची काच खाल का?” मम्मीच्या ठेवीत वाचवलेले पैसे होते, ते त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी घेतले. बस म्हणाल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

आता काय करू, आत्या? नोकरी सोडली तर खायचं काय, आणि ठेवली तर त्यांना कोणाच्या भरवशावर ठेवू? गासला घेऊन येऊ का?

स्टेफी


गास
१० मार्च

पोरी,

इकडे आणू नकोस. इतकी वर्षं मी ‘या, या’ म्हणत राहिले आणि आज ‘येऊ नका’ लिहिताना हात थांबतोय. पण आमच्या वाडीत पावलापावलाला वाळलेल्या झावळ्या पडलेल्या असतात. त्याला इथे आणायचं म्हणजे त्याच्या हातात सगळं सामानच देणं. शिवाय दोन घरांपलीकडे गवताची गंजी आहे.

मी येते.

ह्या विचाराने मला भीती वाटते, ते तुझ्यापासून लपवत नाही. तुझं ते डोंगराखालचं घर मी रागाने आजवर पाहिलं नाही. निवृत्तीचे पैसे पुरेनात म्हणून बर्नार्डने वाडीतला हिस्साही विकून ते घेतलं, आणि मी त्याच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलले. आता तो मला ओळखील की नाही, देव जाणे. मला ऐकू येत नाही. तो मागून गेला तर मला चाहूल लागणार नाही. पण मला दिसतं, आणि वास अजून तुझ्यापेक्षा चांगला येतो. भात लागला तर तीन घरांवरून सांगते. तू दवाखान्यात जायचं, मी त्याच्यासमोर बसायचं. पाठीमागे नाही, समोर. त्याला जिथे जायचं असेल तिथे मी बरोबर जाईन. माझे गुडघे आणि त्याचे गुडघे, किती लांब जाणार आहोत?

वनखात्याचं तू केलंस ते मला पटलं नाही. त्यांच्या त्या वरच्या साहेबाकडे मी तुझ्याबरोबर येईन. तिथे तू बोल, मी नुसती बसेन. म्हाताऱ्या बाईला बघून माणसं जरा हळू बोलतात.

वाडीची व्यवस्था ऑस्करची बायको बेला बघेल. शनिवारी येते. कुलूप काढून टाक. माझ्यासमोर काढलेलं मला बघायचं नाही.

उर्सुला आत्या


चंदनसार
१३ मार्च

प्रिय आत्या,

पप्पा काल घरी आले. बारीक झालेत, खोकतात. हा निरोप ऑस्करकडे देते, म्हणजे तू निघायच्या आधी पोचेल. या वेळी त्याने तो तुझ्याच हातात द्यायचा आहे, असं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलंय.

विघ्नेश येऊन गेला. काळी पडलेली काच बघून आधी म्हणाला, “गॅरंटीत बसत नाही.” मग त्याने जमिनीवरचा काळा डाग पाहिला आणि ग्राइंडर काढला. वेल्डिंग कापलं. आता ग्रिलला दार आहे, आतून हाताने उघडणारं, आणि काच आत ओढली की उघडते. मागच्या दाराचा पत्रा काढला. पैसे पुन्हा लागले, ते हप्त्याने देईन. जाताना विचारत होता, “आणि चोर आला तर?” मी म्हटलं, येईल. त्याने मान हलवली, मला वेड लागलंय असं त्याला वाटलं असेल.

भीती गेलेली नाही. आज दुपारी ते मागच्या दाराने बाहेर पडले. मी थांबवलं नाही, चार पावलं मागे चालत राहिले. हातात काही नाही ना, खिशात काही नाही ना, हेच बघत. जळलेल्या गवतावरून ते भिंतीच्या टोकापर्यंत गेले, तिथे उभे राहिले आणि मग मला म्हणाले, “घर कुठल्या बाजूला?” मी दाखवलं. ते वळले. परत येताना त्यांनीच माझा हात धरला.

शनिवारपर्यंत बाईंनी सुट्टी दिलीय. तू येशील तेव्हा मी न्हाणीत असेन, नाहीतर चुलीपाशी. बेल वाजवू नकोस, दार नुसतं लोटलेलं असेल. ते पायरीवर बसलेले असले तर आधी त्यांचा हात धर. ते विचारतील, तुम्ही कोण. नाव सांग. पुन्हा विचारतील, पुन्हा सांग. हात मात्र सोडू नकोस, मी आतून येतेच आहे.

तुझी
स्टेफी